आधी कुणाला दिसतं? जुन्या भयपटांवरून दिग्दर्शन शिकताना

आमची पहिली भय-शॉर्टफिल्म साडेतीन मिनिटांची होती. जुन्या वाड्यातलं माजघर, अर्धवट लोटलेलं दार, दाराआड पांढऱ्या साडीतली बाई. मुलगा आत येतो, बाई झेप घेते आणि कानठळ्या बसवणारा आवाज. घरच्यांना दाखवली. बाईनं झेप घेतली तेव्हा सगळे हसले. मावशी मात्र म्हणाली, "हसू आत्ता आलं रे. मगाशी दाराखालून तिचे पाय दिसत होते ना, तेव्हा खरी भीती वाटली."

पाय दिसणं ही आमची चूक होती. कॅमेरा जरा खाली झुकला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण मावशी बरोबर बोलली होती. तिला पाय दिसत होते, आत येणाऱ्या मुलाला दिसत नव्हते. भीती त्या फरकात होती, झेपेत नव्हती.

हे मला नीट कळलं ते शंभर वर्षं जुने सात-आठ सिनेमे वहीपेन घेऊन पाहिल्यावर. १९२० ते १९३२ या बारा वर्षांत भयपटाच्या दिग्दर्शकांपुढे दोन मोठे पेच होते. आधी आवाज नव्हता, म्हणून सगळं डोळ्यांना दाखवावं लागायचं. मग आवाज आला आणि कॅमेरा जखडला गेला. दोन्ही वेळा त्यांनी ज्या वाटा काढल्या, त्या आज मोबाइलवर शूट करणाऱ्याला जशाच्या तशा वापरता येतात. सिनेमे पाहायचे कसे आणि पाहून झाल्यावर करायचं काय, ते इथे माझ्या पद्धतीनं सांगतो.

पायरी १: आधी प्रत नीट निवडा

फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाऊचा १९२२चा 'नॉस्फेरातु' इंटरनेटवर डझनभर प्रतींत सापडतो आणि त्यातल्या बऱ्याच टाकाऊ आहेत. सूर्याची किरणं पडताच हवेत विरून जाणारा हा रक्तपिपासू काउंट ओर्लोक खराब प्रतीत भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून शहरातून फिरताना दिसतो. नवा प्रेक्षक तिथेच हसतो. दोष मुर्नाऊचा नाही. त्या काळची फिल्म आणि दिवे घेऊन रात्री बाहेर चित्रीकरण करणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून दृश्यं दिवसा घ्यायची आणि नंतर प्रतीवर रंग चढवायचा अशी रीत होती. रात्र निळी, दिव्याखालची खोली पिवळसर, पहाट गुलाबी. नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रतीतून तो निळा रंग गेला की रात्रच गेली. तेव्हा रंग चढवलेली, दुरुस्त केलेली प्रत शोधा.

दुसरी गोष्ट वेगाची. मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला सोळा, अठरा, वीस अशा कितीही चौकटी असत. बोलपटात आवाजासाठी वेग चोवीसवर पक्का झाला. जुनी फिल्म चोवीसनं पळवली की माणसं टुणटुण चालतात आणि भयपटाचा विनोदी पट होतो. 'नॉस्फेरातु'ची प्रत नव्वद मिनिटांच्या आसपासची असेल तर वेग साधारण ठीक आहे असं समजा. तासाभरात संपत असेल तर बंद करा.

संगीताचं म्हणाल तर पहिल्यांदा ते चालू ठेवून, खोलीत अंधार करून, मोबाइल दूर ठेवून सिनेमा सलग बघा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद. या चित्रांवर आज जे वाजतं ते बऱ्याचदा पुढे कुणीतरी रचलेलं असतं. दिग्दर्शकाचं काम बघायचं तर ते बाजूला सारावंच लागतं.

पायरी २: वहीत तीन रकाने

दोन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या, पूर्ण सिनेमा नको. प्रत्येक शॉटला एक ओळ आणि तीन रकाने: चौकटीत काय आहे, पात्राला काय माहीत आहे, मला काय माहीत आहे. कॅमेरा कुठे होता, भिंग कुठलं असेल, हे सगळं नंतर. आधी हे तीन.

सरावाला मी नेहमी १९२५च्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा'तला मुखवटा काढण्याचा प्रसंग देतो. ऑपेराच्या तळघरात लपून राहणारा एरिक ऑर्गन वाजवत बसलाय, तोंडावर मुखवटा. मागे गायिका ख्रिस्टीन उभी. तिला चेहरा बघायचा आहे. हात पुढे येतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो. शेवटी ती मुखवटा ओढते.

आता कॅमेरा कुठे आहे बघा. एरिकच्या समोर. तो आपल्याकडे तोंड करून, ती त्याच्या पाठीमागे, दोघं एकाच चौकटीत. मुखवटा निघतो तेव्हा तो कवटीसारखा चेहरा, उघडं पडलेलं तोंड, सगळं आधी आपल्याला दिसतं. तिला अजून त्याची पाठच दिसतेय. त्या क्षणाला आपल्याला दोन भित्या असतात: एक त्या चेहऱ्याची आणि दुसरी, आता तो वळणार आणि तिलाही दिसणार याची. मग तो वळतो.

हाच प्रसंग ख्रिस्टीनच्या बाजूनं घेतला असता तर मुखवटा निघाला, तो वळला, आपण दचकलो, संपलं. एक दचका मिळाला असता. समोरून घेतल्यामुळे आधी धक्का, मग वाट पाहणं, मग तिचा धक्का असे तीन टप्पे मिळाले, आणि खर्च एका कॅमेऱ्याच्या जागेचा. वहीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात या ठिकाणी फट पडलेली दिसेल. ती फट किती सेकंद टिकते ते घड्याळ लावून मोजा.

एरिक झालेल्या लॉन चेनीचे आईवडील दोघेही मूकबधिर होते. हात आणि चेहरा यांनी बोलायची सवय त्याला घरातूनच होती. त्याचा मेकअप त्यानं स्वतः केला होता आणि सिनेमा लागेपर्यंत तो चेहरा जाहिरातीत दाखवायचा नाही असं स्टुडिओनं ठरवलं होतं. आज ट्रेलरमध्येच सगळं उधळून टाकणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

पायरी ३: सावली, आणि ती घरी कशी करायची

'नॉस्फेरातु'मधला जिन्याचा शॉट सगळ्यांना माहीत असतो: पाठीत वाकलेली, लांब नखांची सावली भिंतीवरून वर चढते. ओर्लोक स्वतः चौकटीत नाहीच. दारापाशी सावलीचा हात लांब होतो. पुढे नायिका एलेनच्या खोलीत त्या हाताची सावली तिच्या पांढऱ्या कपड्यांवरून छातीपर्यंत सरकते आणि मूठ आवळते. एलेन कळवळते. शरीराला कुणी हात लावलेला नाही, तरी पकड दिसते. ओर्लोक झालेल्या मॅक्स श्रेकचा मेकअप कितीही भीषण असला तरी हा प्रसंग त्यावर उभा नाही.

याच्या दोन वर्षं आधीच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी'त सावल्या चक्क पडद्यांवर रंगवल्या होत्या. वाकड्या भिंती, वाकडे रस्ते, सगळं रंगाचं काम. तो मार्ग सुंदर आहे, पण त्यासाठी चित्रकार लागतात. मुर्नाऊ उलट खऱ्या गावांत गेला. जर्मनीतलं विस्मार, ल्यूबेकमधली मिठाची जुनी गोदामं, आजच्या स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला. खरा जिना, खरी भिंत, आणि त्यावर एक खोटी गोष्ट. आपल्या खिशाला परवडणारा रस्ता हाच.

घरी करून बघा. खोलीतली ट्यूबलाइट बंद. ट्यूबलाइटची सावली पुसट पडते, कारण प्रकाश लांबलचक नळीतून येतो. धारदार सावलीसाठी उजेडाचा उगम छोटा हवा: मोबाइलचा टॉर्च, किंवा काच न लावलेला एखादा छोटा एलईडी. टॉर्चपासून माणूस दोन फुटांवर आणि भिंत आठ फुटांवर ठेवली की सावली चौपट मोठी पडते. टॉर्च जमिनीलगत ठेवा, म्हणजे सावली भिंतीवर वर चढते. माणूस टॉर्चच्या दिशेनं सरकला की सावली फुगते, भिंतीकडे गेला की आकसते. म्हणजे नटानं टॉर्चकडे एक पाऊल घेतलं तरी भिंतीवर राक्षस अंगावर येतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात अर्धा तास नुसते हात हलवत उभे होतो.

भिंतीवर कॅलेंडर, घड्याळ, देवांचे फोटो असतील तर काढून ठेवा. सावलीला कोरी भिंत लागते. आणि माणूस चौकटीत अजिबात येऊ देऊ नका, कोपरसुद्धा नाही.

पायरी ४: प्रवेश

भूत, राक्षस, खुनी, जो कोणी असेल तो पहिल्यांदा पडद्यावर येतो ते काही सेकंद सर्वांत महागाचे. ते पुन्हा मिळत नाहीत.

जेम्स व्हेलच्या १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये बोरिस कार्लॉफचा राक्षस येतो तेव्हा आधी जड पावलं ऐकू येतात. दार उघडतं. तो पाठमोरा आत येतो. सावकाश वळतो. आणि मग व्हेल कॅमेरा पुढे सरकवत नाही, कापतो. चेहरा, आणखी जवळचा चेहरा, त्याहून जवळचा. तिन्ही शॉट एकाच रेषेवर, बाजू न बदलता. डोळा मिटून उघडावा आणि समोरचा प्रत्येक वेळी हातभर जवळ आलेला असावा, तसं वाटतं. नाटकातून आलेल्या व्हेलला नटाची पाठ किती बोलते हे ठाऊक असणारच.

त्या प्रसंगाचा पुढचा भाग लोक विसरतात. वरची खिडकी उघडतात, ऊन आत येतं आणि राक्षस हात उंचावून तो उजेड धरायला बघतो. मिनिटभरापूर्वी ज्याला घाबरलो त्याचीच कीव येते. माझ्या मते व्हेलचं खरं कसब तिथे आहे, त्या तीन कटांत नाही.

सराव: ट्रायपॉड एका सरळ रेषेवर तीन जागी ठेवा, दहा फूट, पाच फूट, दोन फूट. नट हलणार नाही, पापणीही नाही. प्रत्येक शॉट दोन सेकंदांपेक्षा कमी. जमिनीवर खडूनं रेष आखा, नाहीतर डोळ्यांची पातळी बदलते आणि उडी नुसती चूक दिसते.

मग शेजारी ठेवून बघायला दोन 'ड्रॅक्युला' घ्या. युनिव्हर्सल स्टुडिओत एकाच नेपथ्यावर दिवसा टॉड ब्राउनिंग इंग्रजी आवृत्ती करायचा, आणि रात्री दुसरी तुकडी, जॉर्ज मेलफर्डच्या हाताखाली, तीच कथा स्पॅनिशमध्ये. दोन्ही १९३१च्या. दिग्दर्शन म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण जिना तोच, कोळ्याचं जाळं तेच, फरक फक्त निर्णयांचा.

इंग्रजीत ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर आलेला पाहुणा रेनफील्ड पाठीमागे सरकत असतो आणि त्याच्या मागच्या जिन्यावरून ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी खाली येत असतो. आपल्याला दिसतो, त्याला नाही. स्पॅनिशमध्ये कॅमेरा स्वतः जिन्यावरून झेपावत ड्रॅक्युलाकडे जातो. बरेच समीक्षक स्पॅनिश आवृत्तीला झुकतं माप देतात, तिच्यात कॅमेरा जास्त खेळता आहे म्हणून. मला या एका प्रसंगात ब्राउनिंगच पटतो. बाकी सिनेमाभर मेलफर्ड. थोड्याच वेळानं ब्राउनिंग आणखी एक गंमत करतो. जिन्यावर जाळं आहे, ड्रॅक्युला अलीकडे. कट. ड्रॅक्युला पलीकडे, जाळं शाबूत. रेनफील्डला मात्र तेच जाळं काठीनं फाडावं लागतं. काही खास यंत्र नाही, फक्त मधला भाग दाखवला नाही.

पायरी ५: आवाज सगळ्यात शेवटी

बोलपट आला तेव्हा कॅमेऱ्याची घरघर माइक पकडायचा. म्हणून कॅमेरा आवाजबंद खोक्यात ठेवू लागले. मूकपटात गल्लीबोळांतून फिरणारा कॅमेरा एका जागी खिळला. यातून सुटायला कार्ल थिओडोर ड्रायरनं १९३२च्या 'व्हॅम्पायर'साठी सरळ मार्ग धरला: फ्रान्समधल्या खऱ्या घरांत, खऱ्या शेतांत जवळजवळ मूकपटासारखं चित्रीकरण केलं आणि मोजके संवाद नंतर भरले. त्यामुळेच त्याचा कॅमेरा शवपेटीत शिरू शकला. नायक पेटीत पडून वर बघतोय, झाकणाला काच आहे, वरून स्क्रू पिळले जाताहेत, काचेवर मेणबत्ती ठेवली जाते, एक म्हातारी वाकून आत बघते. मग पेटी उचलली जाते आणि वरून झाडांचे शेंडे, आकाश, चर्चचा मनोरा सरकत जातो.

तुम्हीही असंच करा. मोबाइलचा माइक तसाही रिक्षा, कुत्री आणि शेजाऱ्यांचा कुकर टिपतो. शूट मुकं करा, आवाज नंतर एकेक करून घाला. एकेक हे महत्त्वाचं.

कमी आवाजात काय होतं ते फ्रिट्झ लांगच्या १९३१च्या 'एम'मध्ये बघा. लहान मुलांना मारणाऱ्या खुन्याचा हा सिनेमा रूढ अर्थानं भयपट नाही, पण त्याची पहिली सात-आठ मिनिटं कुठल्याही भयपटाहून जास्त भिववतात. पार्श्वसंगीत नाही. अंगणात मुलं खेळताना खुन्याचं गाणं म्हणताहेत. कपडे धुणारी आई म्हणते, गाऊ देत, आवाज येतोय तोवर ती आहेत हे तरी कळतं. बारा वाजतात. तिची मुलगी एल्सी शाळेतून निघते, चेंडू उडवत चालते. चेंडू भिंतीवरच्या खुन्याच्या पत्रकावर आपटतो आणि त्यावर टोपीवाल्याची सावली पडते. तिला फक्त एक गोड बोलणारा काका दिसतोय, आपल्याला पत्रक आणि सावली एकत्र दिसतेय. पुन्हा तीच फट.

शेवटी आई हाका मारते, "एल्सी!" हाकेवर चित्रं येतात: रिकामा जिना, पोटमाळ्यावर वाळत घातलेले कपडे, ताटली मांडलेली आणि बसायची जागा रिकामी. मग हाकाही थांबतात. गवतातून चेंडू घरंगळत येतो. तारांत अडकलेला फुगा. एकही वाईट गोष्ट दाखवलेली नाही, आणि आपल्याला आईच्या आधी कळून चुकतं.

रूबेन मामूलियननं 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड'मध्ये, तोही १९३१चाच, उलट टोकाचा प्रयोग केला. डॉक्टर जेकिलचा दुष्ट हाइड होतानाच्या आवाजासाठी मामूलियन जिन्यावरून वरखाली धावला आणि स्वतःच्या छातीची धडधड ध्वनिमुद्रित केली, सोबत घंटेचा उलटा वाजवलेला नाद. आजच्या तयार आवाजांच्या साठ्यात धडधडीचे हजार नमुने मिळतात. तरी एकदा जिने चढा आणि फोन छातीला लावा. निदान त्यात तुमचा श्वास असेल.

त्याच प्रसंगात चेहरा कट न करता काळवंडतो. गुपित बरीच वर्षं बाहेर आलं नव्हतं, पण युक्ती सोपी: चेहऱ्यावर लाल रंगाचा मेकअप, आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल फिल्टर लावला की लाल दिसेनासा होतो. फिल्टर हिरव्याकडे सरकवला की तोच मेकअप काळा. आकाशकंदिलाला लावतो तो लाल आणि हिरवा जिलेटिन कागद आणा. गालावर लिपस्टिकनं सुरकुत्या काढा, फोन मोनोक्रोमवर टाका, टॉर्चवर आधी लाल कागद, मग त्याच्या जागी हिरवा सरकवा. खोलीत दुसरा उजेड नको. सुरकुत्या हळूच उगवतील.

पायरी ६: काय कापायचं

इथे सावध राहा. न दाखवणं म्हणजे आपोआप कलात्मक होणं नव्हे. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तळ्याकाठी छोटी मुलगी राक्षसाला फुलं देते, दोघं ती पाण्यावर तरंगवतात. फुलं संपतात. तो तिलाच पाण्यात टाकतो, ती फुलासारखी तरंगेल या समजुतीनं. सेन्सॉरनं शेवटचा भाग कापला. मग अनेक वर्षं लोकांना दिसलं ते असं: राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, कट, आणि नंतर बाप तिचं प्रेत उचलून गावातून चालतोय. मधे काय झालं याची कल्पना प्रत्येकानं केली आणि ती मूळ दृश्यापेक्षा कितीतरी घाणेरडी होती. अजाणता झालेली चूक हा त्या पात्राचा गाभा; कापल्यानं तो विकृत ठरला. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला.

म्हणून तुमच्या संकलनात प्रत्येक कटला विचारा: इथे प्रेक्षक जे भरून काढेल ते मला हवं आहे का?

जाता जाता आपल्याकडचं एक नातं. १९३३मध्ये 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले होते. परतल्यावर प्रभातनं पुण्यात केलेल्या १९३४च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा डोळा टेलिफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) भिंगातून पडदाभर येतो. मराठीत राजगुरू केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. आणि १९४९च्या 'महल'मधल्या हवेलीचा उजेड-अंधार ज्यानं टिपला तो जोसेफ विर्शिंग म्युनिकहून आलेला छायाचित्रकार होता. वहीत या दोन सिनेमांसाठी दोन पानं ठेवा.

पायरी ७: नव्वद सेकंद

आता स्वतःचं. एक माणूस, एक खोली, एक दार. संवाद नाही. जास्तीत जास्त बारा शॉट. शूटिंगच्या आधी तेच तीन रकाने भरा, यावेळी उलट्या क्रमानं: प्रेक्षकाला काय माहीत असायला हवं, पात्राला काय माहीत नसायला हवं, आणि मग त्यासाठी चौकटीत काय. कुठेतरी सलग पंधरा सेकंद तरी प्रेक्षक पुढे आणि पात्र मागे राहिलं पाहिजे. आवाज तीनच. त्यातला एक शेवटच्या दहा सेकंदांत बंद करा. फ्रिज किंवा पंखा चालेल. चालू आहे हे कुणाच्या लक्षात नसतं, बंद झालं की येतं.

झाल्यावर चार जणांना दाखवा, पण तुम्ही पडद्याकडे बघू नका. त्यांच्या बाजूला, थोडं मागे बसा. चिवड्याची वाटी हातात द्या. कुठल्या सेकंदाला हात वाटीत थांबला, ते घड्याळात बघून वहीत लिहा. चौघांचेही हात बाई दिसल्यावर थांबले तर दार पुन्हा शूट करा, आणि यावेळी कॅमेरा थोडा खाली लावा.